चेहरे तिचे, भिंती त्यांच्या

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असं आमच्या घरात फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. माझी भाची तर म्हणते, मामाची गोष्ट आधी दोनाने भागावी आणि उरेल तीही जरा झटकून घ्यावी. तर खुशाल भागा. पण भागून जे उरेल ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, भर दुपारी, आणि तेव्हा माझ्या नाकावर चष्माही होता.

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, जुने फोटो नवे करून द्यायचे. कुणाच्या आजोबांचा कान झुरळांनी खाल्लेला असायचा, कुणाच्या लग्नात नवरीच्या गालावर वर्षानुवर्षांची बुरशी चढलेली असायची. लोक ते कागद पिशवीत गुंडाळून आणायचे, आजारी कोंबडी आणावी तसे. धंदा घरातच, पुढच्या खोलीत. एक लांब टेबल, त्यावर भावोजींचा लॅपटॉप, शेजारी स्कॅनर, आणि लॅपटॉपच्या डाव्या हाताला, उतरत्या लाकडी घडवंचीवर, धाकटीचा टॅब.

तो टॅब लॅपटॉपला जोडलेला असायचा. म्हणजे कसं, की लॅपटॉपचा पडदा डावीकडे संपायचा तिथेच टॅबचा सुरू व्हायचा. मधे तारबीर काही नाही. भावोजींनी माउसने फोटो धरून डावीकडे ढकलला की तो लॅपटॉपच्या कडेत बुडायचा आणि टॅबवर वर यायचा. धाकटी पेन घेऊन त्यावर काम करायची आणि झालं की उजवीकडे लोटून द्यायची. दोन माणसं एका पोळपाटावर पोळ्या लाटतायत असं दिसायचं ते.

कामाची वाटणी पक्की होती. भिंती, पडदे, खुर्च्या, कोटाची बटणं ही भावोजींची. चेहरे धाकटीचे. भावोजी डोळा काढायला बसले की त्या माणसाला ताप आल्यासारखं दिसायचं.

"भिंतीला नातेवाईक नसतात," ते म्हणायचे. "चेहऱ्याला सतरा येतात. नाक आमच्यातलं नाही म्हणतात."

"म्हणून भिंतीत तोंड खुपसून बसलाय जन्मभर," धाकटी पेन न थांबवता म्हणायची.

गिऱ्हाईक फोनवर बोलायचं, काम लॅपटॉपवर आणि टॅबवर व्हायचं, आणि झालेला फोटो समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर लावून दाखवायचा. आजोबा एवढे मोठे दिसले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे, असा धाकटीचा हट्ट. आलं नाही तर ती फोटो परत कामाला घ्यायची.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळी गोची इथे आहे. घरातली ही सगळी यंत्रं एकाच खात्याला बांधलेली होती. एकावर बदललं की सगळ्यांवर बदललं. त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोनसुद्धा त्यातच. आणि फोटोवाल्यांच्याच हातून व्हावा असा शहाणपणाही त्यांनी केला होता: घरातले सगळे आल्बम स्कॅन करून घेतले आणि मूळ कागद रद्दीत घातले. "ओल लागते, जागा अडते," भावोजी म्हणाले होते. ज्यांचं पोट लोकांच्या कागदांवर चालायचं त्यांनी आपले कागद विकले.

मग धाकटी आजारी पडली. औषधांनी तिचा चेहरा सुजला, नंतर उतरला तो उतरतच गेला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ती टॅब मांडीवर घेऊन बसायची. आम्हाला वाटायचं, बिचारी जुने फोटो बघतेय. बघत होतीच. पण पेन हातात होतं. आजारपणातला एक फोटो तिला बघवला नाही, म्हणून तिने त्यातून स्वतःला काढून टाकलं आणि मोकळ्या जागेवर मागची भिंत भरली. मग त्याच्या आधीचा. त्यात म्हणे हनुवटी दुहेरी. मग त्याच्याही आधीचा. विणलेल्या स्वेटरचा एक धागा ओढला की माणसाचा हात थांबत नाही, तसं झालं असावं. ती गेली तेव्हा घरातल्या एकाही यंत्रावर ती नव्हती.

हे कळलं ते दिवसकार्य आटपल्यावर. लावायला फोटो हवा म्हणून भाचीने टीव्ही सुरू केला. भाचीच्याच लग्नाचा फोटो आला. बाप आहे, नवरा आहे, सासूसासरे आहेत, मी आहे, आणि माझ्या शेजारी जिथे धाकटी उभी होती तिथे पडदा. मरून रंगाचा, त्यावर चुण्या इतक्या सुरेख की हात लावावासा वाटावा. भाची फोटो सरकवत गेली. सहलीत दगड. वाढदिवसाला दाराची चौकट. तान्ही भाची हवेत तरंगतेय, खाली नुसतं अंथरूण.

"मामा," भाची म्हणाली, "ह्या भिंती बाबांपेक्षा चांगल्या केल्यात."



पाहुण्यांच्या फोनमध्ये शोधलं. तिथे ती होती, पण पाठमोरी, नाहीतर तोंडापुढे हात धरलेली. ओळखपत्रावर एक होता. तो बघून तिला पोलिसांनी धरलं असतं, ओळखलं नसतं.

भाची परत तिच्या गावी गेली. जाताना टॅब घेऊन गेली, तिच्या मुलीला अभ्यासाला. आधी तो पार धुऊन पुसून कोरा केला. मी रोज दुपारी भावोजींकडे चहाला जाऊ लागलो, कारण त्या घरात आता स्वयंपाकघरातून कुणी बोलायचं नाही.

एकदा कप हातात धरून ते म्हणाले, "दादा, तुम्हाला तिचा चेहरा आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"मला हात आठवतात. मान आठवते. केस बांधायची ती आठवते. चेहऱ्याशी गेलो की मागची भिंत दिसते."

मी थट्टा करणार होतो. मग डोळे मिटून मीही बघितलं, आणि चहा खाली ठेवला.

आता लॅपटॉपचं सांगतो. टॅब गेला, पण लॅपटॉपच्या डोक्यातून टॅबची जागा गेली नव्हती. माउसचा बाण डाव्या कडेला नेला की तो कडेवर अडायचा नाही. आरपार जायचा. डावीकडे आता रिकामी घडवंची होती, तरी बाण तिकडे कुठेतरी हिंडायचा आणि उजवीकडे ओढला की परत यायचा. माझ्या अनुभवाने सांगतो, कधी कधी उशिराने यायचा. कुणी हातात धरून बघितला आणि मग सोडला, इतक्या उशिराने.

"सेटिंग आहे ते," भाची फोनवर म्हणाली. "आले की काढून टाकते. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे," भावोजी म्हणाले. "मला सवय आहे."

सवय होतीच. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने वडिलांचा फोटो दिला होता. भावोजींनी मागची भिंत केली, कोट केला, आणि हाताने आपोआप फोटो धरून डावीकडे ढकलला. तो कडेत बुडाला आणि गेला. मी शेजारीच बसलो होतो. आम्ही दोघं रिकाम्या घडवंचीकडे बघत राहिलो, विहिरीत बादली पडल्यावर बघतात तसे. ओढून बघितलं, बंद करून सुरू केलं. नाही ते नाही. नवा स्कॅन काढला असता, पण चेहरा कुणी केला असता? बेकरीवाला रोज येऊन दारात उभा राहू लागला.

"काका, माझा बाप कुठे ठेवलात?"

"कामाला लावलाय," भावोजी म्हणायचे.

आणि एका दुपारी, मी बिस्किट बुडवत असताना, लॅपटॉपच्या डाव्या कडेतून एक कोपर आलं. मग कोट. मग बेकरीवाल्याचा बाप, हळूहळू, कुणी बोटाने लोटत असावं तसा, आणि मधोमध येऊन थांबला. भावोजींचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते. माझं बिस्किट कपात विरघळलं, आणि मी बिस्किट वाया घालवणारा माणूस नाही.

चेहरा पुरा झालेला होता. गाल, मिशी, कपाळावरची आठी, सगळं. भावोजींनी फोटोतला डोळा मोठा करून बघितला. धाकटी प्रत्येक बाहुलीत उजेडाचा ठिपका ठेवायची, पण तो नुसता ठिपका नसायचा. मोठा करून बघितलं की त्यात खिडकी असायची, दोन उभ्या गजांची. ह्याच खोलीतली. तिच्या हाताखालून गेलेली सगळी माणसं त्या एकाच खिडकीकडे बघत मेलेली आहेत. बेकरीवाल्याच्या बापाच्या डोळ्यात ती खिडकी होती, आणि खिडकीपाशी आरामखुर्ची होती. खुर्ची ती पूर्वी कधी काढत नसे.

बेकरीवाला टीव्हीसमोर ढसाढसा रडला आणि पाव देऊन गेला.

त्यानंतर भावोजी सगळीच कामं डावीकडे ढकलू लागले. काही परत आली, काही नाही. गिऱ्हाइकं फोन करकरून थकली आणि मग त्यांनी भाचीला गाठलं. तिने बापाला फोन लावला, फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. नाहीतर मी कुणाचं ऐकत नाही.

"बाबा, लोकांनी विश्वासाने दिलेले फोटो आहेत ते."

"येतात परत."

"कोण पाठवतं?"

भावोजींनी रिकाम्या घडवंचीकडे बघितलं.

"टॅब इथे माझ्याकडे आहे. त्यावर तुमची नात मांजरं काढते. तिकडे डावीकडे काही नाहीये, बाबा. मी रविवारी येतेय. ते सेटिंग काढते आणि तुम्हाला घेऊन जाते."

फोन बंद झाल्यावर भावोजी माझ्याकडे वळले. "दादा, तिचा एखादा कागदी फोटो तुमच्याकडे असेल. कसलाही. ती सगळ्यांचे चेहरे करून पाठवते, तर स्वतःचा नाही का करणार? रविवारच्या आत एक पाठवू द्या. एकदा बघितली की मग तुमच्या भाचीला काय करायचं ते करू दे."

होता एक. माझ्या कपाटाच्या माथ्यावर, चौकटीत. लग्नानंतर ती भावोजींच्या ह्याच पुढच्या खोलीत बसली होती, तेव्हाचा. पण ओल लागून फोटो काचेला चिकटला होता आणि मागे केव्हातरी मी काच काढली तेव्हा चेहरा काचेबरोबर गेला, म्हणून इतके दिवस मी त्याचं नावच काढलं नव्हतं. मानेच्या वर एक पांढरा खरबरीत डाग, मागच्या भिंतीचाही अर्धा भाग खरवडलेला. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी स्कॅन केला, भिंतीला मुळीच हात लावला नाही, तसाच धरला आणि डावीकडे नेला. कडेपाशी थोडा थांबवला. मग सोडला.

आम्ही वाट बघितली. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी भावोजी खुर्ची ओढून घडवंचीच्या बाजूला बसले, दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे. चहा मी केला. वाईट झाला, तरी ते प्यायले.

फोटो आला. आधी खुर्चीचा पाय, मग तिचा गुडघा, मांडीवरचे हात. मग मान. भावोजी उठून उभे राहिले.

भिंत पुरी झाली होती. काय भिंत होती ती. चुन्यावरचे बारीक फुगवटे, खिळ्याचं भोक, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा आणि त्यात तिच्या खांद्याची सावली. कुठे जोड दिसत नव्हता. आणि मानेवर तो पांढरा डाग होता तसाच. त्याच्या कडा तिने तेवढ्या साफ करून दिल्या होत्या, कुणाला तरी पुढचं काम सोपं जावं म्हणून.

"पुरं केलं नाही," मी म्हणालो.

"केलं," भावोजी म्हणाले. "तिचं झालं. हे माझं ठेवलंय."

मग ते खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसाचा चेहरा करायला घेतला, तोही माउसने. पहिलं तोंड झालं ते तिच्या नणंदेचं. पुसलं. दुसरं कुणाचंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही नाकावरून भांडलो.

"सरळ होतं."

"भावोजी, तिच्या नाकावर उंचवटा होता. मी झोपाळ्यावरून पाडलं होतं तिला."

"मला कधी दिसला नाही."

"तुम्ही समोरून बघायचात. मी बाजूने बघत वाढलोय."

रविवारी सकाळी भाची आली ती तणतणतच आली. बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "कुठाय ते सेटिंग?" मग तिची नजर लॅपटॉपवर गेली. ओठ अजून नव्हते, डोळे दोन दिशांना होते, पण कपाळ जमलं होतं. ती पडद्याजवळ आली.

"गाल भरलेत जास्त," ती म्हणाली. "आईचे असे होते." आणि तिने आपल्या गालावर बोट ठेवलं.

भावोजींनी तिला खिडकीपाशी बसवलं. तिच्याकडे बघून गालाचं हाड घेतलं, डोळ्यांतलं अंतर घेतलं. "हलू नको," ते म्हणत होते, आणि ती ओठ न हलवता, "आई तुमच्यापेक्षा पटकन करायची," म्हणत होती. नाकाचा उंचवटा माझ्या सांगण्यावरून आला. त्या घरात माझं एवढंच कुणी ऐकलंय. दुपार कलली तेव्हा भावोजींनी माउस सोडला आणि फोटो टीव्हीवर लावला.

थोडी तिरकी झाली होती. एक डोळा किंचित खाली. पण ती होती. आता कुणीतरी काहीतरी लागट बोलणार, असा ओठांचा तो कोपरा होता. भाचीने रिमोट उचलला आणि आवाज कमी करत राहिली. आवाज मुळात नव्हताच.

तेवढ्यात टीव्हीवरची धाकटी हलली. म्हणजे फोटो हलला. लॅपटॉपवर जो होता तो डावीकडे सरकत होता आणि टीव्हीवर त्याच्याबरोबर सगळं सरकत होतं. भावोजींनी हात वर केले, मी नाही, असं दाखवायला. खुर्चीची पाठ कडेत गेली. मग दंड.

"बाबा, तुम्ही करताय?"

"नाही गं."

कोण करतंय ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. आणि ती कशासाठी ओढतेय तेही. तिने स्वतःचा एकही फोटो कधी तसा राहू दिला नव्हता.

भावोजी पडद्याजवळ वाकले. बायकोच्या खोलीच्या दारावर बोलावं तसे हळू बोलले.

"अगं, राहू दे. चांगली दिसतेस."

फोटो थांबला. खांद्यापाशी थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मला वाटलं, ऐकलं हिने, कधी नव्हे ते नवऱ्याचं ऐकलं. मग फोटो पुन्हा सरकू लागला, आता जरा जोरात, आणि कान कडेत गेला.

"काढ," भावोजी म्हणाले.

"काय?"

"ती डावी बाजू. काढून टाक."

भाचीने त्यांच्याकडे बघितलं. सकाळी हेच करायला ती आली होती, पण आता तिचा हात पुढे होईना. "बाबा, मग तिकडून परत काही यायचं नाही."

"ठाऊक आहे मला."

"बेकरीवाल्याचा बाप आला तसं काही नाही. कधीच नाही."

"गाल गेला बघ," भावोजी म्हणाले. "लवकर."

भाचीने माउस घेतला. सेटिंग उघडलं. तिथे दोन चौकोन शेजारी शेजारी होते, एकावर लॅपटॉपचं नाव, दुसऱ्यावर तिच्या आईचं. तिने आईच्या चौकोनावर बाण नेला आणि डोळे मिटून बोट दाबलं. फोटो कडेतून सुटला आणि पडद्याच्या मधोमध येऊन आदळला. गाल, कान, दंड, खुर्ची, सगळं जागच्या जागी. दुसरा चौकोन नव्हता.

पहिल्यांदा भावोजींनी काय केलं असेल, तर तो फोटो कागदावर छापला. एक नाही, तीन. एक भाचीने नेला, एक माझ्या कपाटावर आहे, काच न लावता. भावोजी काही तिच्याबरोबर गेले नाहीत. ती पुष्कळ म्हणाली. ते म्हणाले, बघू, आणि बघूचा अर्थ त्या घरात काय होतो ते तिला कळतं.

मी अजून चहाला जातो. ते कामाला बसायच्या आधी माउस हातात घेतात आणि बाण डाव्या कडेला नेतात. आता तो आरपार जात नाही, कडेला अडतो. झोपण्यापूर्वी दाराची कडी चाचपावी तसे ते तो अडतोय ना, ते बघतात.

"लागलंय ना?" मी विचारतो.

"लागलंय," ते म्हणतात.

मग मी बिस्किटात गुंतलोय असं त्यांना वाटतं, तेव्हा ते बाण जरासा मागे घेतात आणि हळूच त्या कडेवर टेकवतात. पुन्हा मागे घेतात, पुन्हा टेकवतात. आणि कान देऊन बसतात.